वडिलांची जुनी बारा बोर दुनळी, बाहेरचे घोडे आहेत. कुठली असेल आणि नीट कशी करायची?

कोयनाकाठ (पाटण)

नमस्कार मंडळी. आमचे वडील मागच्या पावसाळ्यात गेले. त्यांच्या नावावर बारा बोरची दुनळी होती, परवाना रीतसर, त्याआधी आजोबांच्या नावावर होती आणि घरात सांगतात की पणजोबांनी मुंबईहून आणली. सध्या ती साताऱ्यात परवानाधारक डीलरकडे जमा आहे, वडील गेल्यावर लगेच नेऊन दिली आणि पावती घेतली. वारस म्हणून माझ्या नावावर परवाना मिळावा असा अर्ज करायचाय, पण त्याआधी ही नक्की आहे काय ते समजून घ्यायचंय.

डीलरच्या दुकानात बसून नीट बघितली. दोन नळ्या शेजारी शेजारी, लांबी ३० इंच, तोंडाशी दोन्ही एकमेकींना टेकलेल्या. बाहेर दोन्ही बाजूंना मोठे वळणदार घोडे, म्हणजे ट्रिगर ओढल्यावर आपटणारे हातोडे. उघडायला वरती खटका नाही, ट्रिगर गार्डखाली लांब लिव्हर आहे, ती उजवीकडे फिरवली की नळ्या तोंडाकडून खाली झुकतात. लॉकच्या (घोडा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) पट्ट्यांवर बारीक वेलबुट्टी कोरलेली, निम्मी झिजलीय. दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर नाव होतं पण कुणीतरी कधीतरी पॉलिश पेपर मारलाय, आता इंग्रजीत शेवटचं फक्त बॉम्बे वाचता येतं. डावा घोडा खाली सोडला की किंचित मागे येऊन थांबतो, उजवा तसाच पुढे चिकटून राहतो. दस्ता हाताने धरायच्या जागी तडकलाय, त्यावर जुनी पितळी पट्टी स्क्रूनं बसवलीय. नळ्यांवर तांबूस गंज आणि त्याखाली काहीतरी नागमोडी रेघा दिसतात, गंजामुळे आहेत का मूळच्या आहेत कळत नाही.

चुलते म्हणतात मँटनची आहे. गावातले म्हणतात नीट करून घे, रानडुकरांना उपयोगी पडेल, आमच्याकडे भुईमूग आणि भात ठेवत नाहीत डुकरं. मला उडवायची हौस नाही, खंडेनवमीला वडील जशी पूजेत मांडायचे तशी मांडता आली आणि पुढच्या पिढीपर्यंत टिकली तरी पुष्कळ. जाणकारांनी सांगा.

दुनळी_जुनी (सांगली)

भावा आधी वडिलांबद्दल वाईट वाटलं. बंदूक जमा करून पावती घेतली हे फार बरं केलंस.

मधल्या पट्टीवरच्या नावावर जाऊ नकोस. ते बहुतेक वेळा विकणाऱ्या दुकानाचं असतं, बनवणाऱ्याचं असेलच असं नाही. बर्मिंगहॅममध्ये बंदुका बनायच्या आणि मुंबई कलकत्त्याचे व्यापारी आपलं नाव घालून विकायचे. मँटनचं म्हणशील तर मँटन हे कलकत्त्यातलं मोठं नाव, १८२५ पासूनचं, म्हणून आपल्याकडे कुठलीही जुनी चांगली दुनळी दिसली की मँटनची म्हणायची सवय पडली. आणि नावाची नक्कलही भरपूर व्हायची, बेल्जियमचा स्वस्त माल नामांकित इंग्लिश नावाशी मिळतंजुळतं नाव टाकून जगभर विकला गेलाय.

खरी जन्मपत्रिका नळ्यांच्या खाली असते. डीलरला सांग, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून पुढचं लाकूड काढा, लिव्हर फिरवून नळ्या अलग करा आणि नळ्यांच्या मागच्या टोकाला खालचा जो सपाट भाग आहे त्याचा फोटो घ्या. तिथं ठसे असतील. मुकुट, अक्षरं, आकडे, सगळं जसंच्या तसं लिहून काढ, उलटं सुलटं दिसलं तरी. कापडानं रॉकेल लावून पुसा, खरवडू नका. तेवढ्यात लाकडाखाली झाकला गेलेला नळ्यांचा भागही बघ, तिथं पॉलिश पेपर पोचलेला नसतो, त्यामुळे त्या नागमोडी रेघांचा निकाल तिथंच लागेल.

कोयनाकाठ

दादा जाऊन आलो. डीलर काका मोठ्या मनाचे आहेत, भिंग घेऊन सोबत बसले. दोन्ही नळ्यांवर एक ठसा सारखाच आहे, दोन दंड एकमेकांवर फुलीसारखे, वर मुकुट, आणि फुलीच्या मोकळ्या जागांत बी, पी, सी. त्याच्या शेजारी तसाच दुसरा, पण त्यात एकच व्ही. उजव्या नळीवर १२. डाव्या नळीवर १२ बी आणि त्याखाली १४ एम, आणि एका ओळीत इंग्रजीत नॉट फॉर बॉल. चौकटीत किंवा बर्फीच्या आकारात काही नाही. एनपी असं कुठंही नाही. लाकडाखाली रेघा एकदम स्पष्ट आहेत, गोल गोल वळणं घेत पूर्ण नळीभर गेलेल्या, सुंदर दिसतात. हे सगळं कशाचं लक्षण?

दुनळी_जुनी (सांगली)

वा, यापेक्षा स्पष्ट पुरावा क्वचित मिळतो.

दंडांची फुली, मुकुट आणि बी पी सी हा बर्मिंगहॅम प्रूफ हाऊसचा, म्हणजे नळ्या बार काढून तपासणाऱ्या संस्थेचा, ठसा. हे प्रूफ हाऊस १८१३ चं, आणि ही फुलीवाली खूण तिथं १९०४ पर्यंत चालली. व्ही म्हणजे नजरतपासणी झाली. म्हणजे घडण इंग्लिश. बेल्जियमची असती तर लंबगोलात ई एल जी दिसलं असतं.

आता नॉट फॉर बॉल. नळी तोंडाशी थोडी आवळलेली असली की छर्रे लांबपर्यंत एकत्र जातात, त्याला चोक म्हणतात. असल्या नळीतून गोल गोळी मारू नका हा इशारा त्या ठशात आहे. बर्मिंगहॅमला हा ठसा १८७५ ते १८८७ एवढ्याच काळात मारला. त्याच्याबरोबरचे १२ बी, १४ एम म्हणजे मागे १२ चा बोर आणि तोंडाशी १४ चा, बोरचा आकडा मोठा तितकी नळी अरुंद. ही डावी नळी चोकची, उजवी साधी, त्या काळात हेच चालायचं, कारण पहिला बार जवळ आणि दुसरा लांब. १८८७ नंतर चोक असा शब्द मारायला लागले आणि बर्फीच्या आकारात १२ वर सी असा चेंबरचा (काडतूस बसतं त्या मागच्या भागाचा) ठसा आला, तो तुझ्याकडे नाही. म्हणजे १८७५ ते १८८७ हा काळ पक्का धर. पणजोबांनी मुंबईहून घेतली ही घरातली गोष्ट त्याच्याशी जुळते का ते तुम्ही त्यांच्या वयावरून काढा, कदाचित त्यांनी जुनीच घेतली असेल.

नळ्या ३० इंच आणि तोंडाशी टेकलेल्या आहेत हेही महत्त्वाचं. कुणी नळ्या कापल्या असत्या तर तोंडाशी दोघींमध्ये फट दिसली असती आणि चोकही गेला असता. तुझ्या पूर्ण आहेत.

खालची लिव्हर हेन्री जोन्सच्या १८५९ च्या पेटंटची. मजबूत असल्यामुळे ती पुढे कित्येक वर्षं वापरात राहिली, म्हणून लिव्हरवरून वय काढता येत नाही, ठशावरूनच काढायचं. घोडा मागे येऊन थांबतो ती स्टँटनची युक्ती, पेटंट १८६७ चं. आधीच्या बंदुकांत घोडा पुढे पिनवर टेकून राहायचा, मग पिन काडतुसाच्या टोपीत रुतून बंदूक उघडायलाच अडायची, शिवाय नुसत्या धक्क्यानं बार उडायची भीती. तुझा डावा घोडा मागे येतो म्हणजे दोन्ही बाजूंची रचना तीच, उजव्या लॉकमध्ये वाळलेलं तेल साठलंय नाहीतर स्प्रिंग थकलीय. तो मुद्दाम ओढून ओढून बघू नकोस, रिकाम्या बंदुकीचे घोडे सोडत बसलं की पिना मोडतात.

रेघा मूळच्या आहेत. डमास्कस नळी म्हणतात. लोखंड आणि पोलादाच्या सळ्या एकत्र पिळून त्याची पट्टी करायची, ती पट्टी सळईभोवती गुंडाळायची आणि भट्टीत तापवून ठोकून सांधायची, असं करत करत पूर्ण नळी बनवायची. आतून कोरून बाहेरून घासल्यावर पिळाची नक्षी दिसते. पहिल्या महायुद्धापर्यंत हे काम जवळपास संपलं. स्वस्त मालात साध्या नळीवर नक्षी छापलेलीही सापडते, पण तुझी लाकडाखालीसुद्धा आहे आणि ठसे प्रामाणिक आहेत, त्यामुळे मला शंका नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही बंदूक काळ्या दारूसाठी तपासलेली आहे. बर्मिंगहॅमला आजच्या नायट्रो, म्हणजे बिनधुराच्या, दारूसाठी वेगळा ठसा १८९६ पासून, तोही ऐच्छिक, आणि एनपी (नायट्रो प्रूफ) हा ठसा १९०४ पासून. तुझ्याकडे एकही नाही. त्या काळच्या चेंबरची लांबी साधारण अडीच इंच म्हणजे ६५ मिलीमीटर, आणि हल्लीची काडतुसं जास्त करून ७० ची. ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, हीच फसगत आहे, कारण उडाल्यावर पुढची घडी उलगडते ती चेंबरच्या पुढे जाते, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. गावातले काहीही म्हणू देत, डुकरांसाठी ही नाही. आणि डुकराला वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. वडिलांच्या हातात ती फुटली नाही, तुमच्या हातात फुटायला नको.

एमआयडीसी_वाला (सातारा)

एवढं कशाला, नळ्या काढ आणि बफिंग मारून घे, मग केमिकल ब्लूइंग करून दे, आमच्या इथं पार्टला ब्लॅकनिंग करणारे आहेत, तासाभरात नवीकोरी दिसेल. दस्त्याला पण सँडर मारून पीयू पॉलिश कर.

दुनळी_जुनी (सांगली)

मित्रा तू मनापासून सांगतोयस, पण हे अजिबात करू नका, आणि का ते सविस्तर लिहितो कारण असल्या कामानं चांगल्या बंदुका कायमच्या गेलेल्या मी पाहिल्यात.

दोन नळ्या आणि त्यांच्या मधल्या वरच्या खालच्या पट्ट्या कथील आणि शिशाच्या डाखानं जोडलेल्या असतात. ब्लॅकनिंगचं गरम बाथ म्हणजे कॉस्टिकचा उकळता क्षार, तो डाख खातो. पट्ट्या सुटतात, आत शिरलेला क्षार बाहेर निघत नाही आणि आतून गंज चालूच राहतो. डमास्कसला तर ती काळी झाक शोभतच नाही, नक्षीच मरते. मूळ रंग तपकिरी होता, तो हळूहळू गंज चढवून, ब्रशनं झाडून, पुन्हा चढवून आणतात, दिवसच्या दिवस लागतात. ते काम येणारा मिळाला तर ठीक, नाहीतर आहे तसं ठेवा. बफिंगनं ठसे पुसट होतात, कोरीव काम जातं, कडा गोल होतात, आणि नळीची जाडी कमी होते. या नळ्यांच्या पुढच्या भागात जाडी आधीच पाऊण एक मिलिमीटर असू शकते, अर्ध्या मिलिमीटरला टेकली की धोक्याची, आणि ती जाडी मोजायचं वेगळं गेज लागतं, डोळ्यांना कळत नाही.

कोयनाकाठ, तुला हे पुरेसं आहे. परवाना हातात आल्यावर नळ्यांच्या बाहेरून हलकं तेल लाव आणि एक दोन दिवस मुरू दे, मग सगळ्यात बारीक चार शून्यांची स्टील वूल तेलात बुडवून हळू हळू चोळ. लाल गंज निघेल, खालचा जुना तपकिरी थर राहील, तो राहू दे. पॉलिश पेपर, एमरी, वाळू, लिंबू चिंच काही नको. आतून पितळी ब्रश आणि कापड. मग उजेडाकडे धरून आत बघ, सावलीचं कडं तुटक दिसलं तर तिथं पोचा किंवा फुगवटा आहे.

एक तपासणी डीलरकडून आत्ताच करून घे. नळ्या सुट्या करून मागच्या आकड्यात दोरी घालून लटकवा आणि लाकडी दांडीनं हलकं टकटक करा. डाख शाबूत असेल तर देवळातल्या घंटेसारखा लांब आवाज येतो, पट्टी सुटली असेल तर भरड, खडखडीत. आणि नळ्या बसवून, पुढचं लाकूड न लावता, बंदूक बंद करून हलवून बघा, हलली किंवा सांध्यातून उजेड दिसला तर सांधा झिजलाय.

लॉक खोलायचा मोह टाळ. स्क्रूच्या खाचा कागदासारख्या बारीक असतात, बाजारातला पेचकस घातला की फाटल्याच.

तंबोरा_मिरज

मी बंदुकीतला माणूस नाही, आम्ही पिढ्यान् पिढ्या मिरजेत सतार तंबोरे करतो, त्यामुळे फक्त लाकडाबद्दल लिहितो. वर कोयनाकाठ यांनी दस्त्याचा फोटो टाकलाय तो मोठा करून बघितला. इंग्लिश बंदुकीला अक्रोड वापरतात आणि तुमचंही तेच दिसतंय, शिरा फार छान आहेत.

सँडर लावू नका ही माझी हात जोडून विनंती. लाकूड धातूच्या पट्टीला समतल बसवलेलं असतं, सँडरनं लाकूड खाली जातं आणि धातू वर उभा राहतो, ते पुन्हा भरून येत नाही. हातात धरायच्या जागी बारीक चौकड्या कोरल्यात त्या तर कायमच्या जातील. आधी रबिंगचं कापड हलकं टर्पेंटाइनमध्ये भिजवून वर्षानुवर्षांचा मळ आणि घाम काढा, तेवढ्यानंच रंग उघडतो. पोचे असतील तिथं ओलं कापड ठेवून वरून गरम इस्त्रीचं टोक टेकवा, वाफेनं दबलेले तंतू फुगून वर येतात, वाद्याला आम्ही हेच करतो. फक्त जिथं लाकूड तुटून गेलंय तिथं ते चालत नाही.

लॉकच्या मागे लाकूड काळं आणि मऊ झालंय तिथं वरून गळलेलं तेल मुरलंय. चॉकची पूड अॅसिटोनमध्ये कालवून तिथं थापायची, सुकली की तेल ओढून पिवळी पडते, झाडायची, परत थापायची. तेल निघाल्याशिवाय सरस धरत नाही.

पितळी पट्टी काढू नका असं मी म्हणेन. गावातल्याच कुणी तांबटानं बसवलेली दिसते, स्क्रूची डोकी एका रेषेत आहेत, मनापासून केलेलं काम आहे. सैल असेल तर खालची भेग सरसानं भरून पट्टी परत तीच बसवा. शेवटी जवसाचं तेल, अगदी थेंबाथेंबानं, तळहातानं चोळून जिरवायचं, मध्ये पूर्ण वाळू द्यायचं, आणि ते लॉकच्या आत जाऊ द्यायचं नाही, आत वाळून गोंद होतो. पीयूचा काचेसारखा थर या लाकडावर परका वाटेल.

निवृत्त_कारकून (कराड)

तांत्रिक बाजू वर छान आलीय, कागदाचं मी सांगतो.

डिपॉझिटची पावती जपा, शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे परवानाधारक गेल्यावर वारसानं हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करायचं असतं, ते तुम्ही केलंय. आता शस्त्र नियम २०१६ मधली वारसाहक्काची तरतूद आहे, त्याखाली जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करा. मृत्यू दाखला, जुना परवाना, वारस दाखला, आणि बाकीच्या वारसांचं ना हरकत. आई आणि बहिणींच्या सह्या आधीच करून घ्या, अर्ज अडतो तो इथंच. पोलीस चौकशी होईल, गावात शांतपणे उत्तरं द्या. परवाना मिळाला की तो ५ वर्षांचा, २०१९ च्या दुरुस्तीपासून. त्याच दुरुस्तीनं एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात, आधी तीन होती, वारसाहक्काची धरूनच.

इथं कुणी सांगेल की दीडशे वर्षांची अँटिक आहे, परवाना लागत नाही. ऐकू नका. कलम ४५ ची सूट अशा हत्यारांना आहे जी दुरुस्त करूनसुद्धा चालू शकत नाहीत. तुमच्या बंदुकीत आजचं बारा बोरचं काडतूस बसतं, त्यामुळे परवाना हवाच.

दुरुस्ती ज्याच्याकडे दुरुस्तीचा परवाना आहे त्याच्याकडेच, कलम ५. पुसणं, तेल लावणं हे मालकाचं काम. उजवा लॉक, स्प्रिंग, पिना यांना हात लावणारा परवानाधारक गनस्मिथ हवा, आणि बंदूक देताना परवान्याची नक्कल व पावती दोन्ही. नळी कापून छोटी करण्याचा विषय कुणी काढला तर तो माणूसच टाळा, कलम ६ खाली तो गुन्हा आहे.

जाता जाता, ज्यांचे वडील आजोबा हयात आहेत त्यांनी थांबू नका. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार त्यांच्याकडे २५ वर्षं झालं की हयातीतच वारसाच्या नावावर करता येतं. पुढची धावपळ वाचते.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. डीलर काकांकडे घंटेची तपासणी केली, दोन्ही नळ्या लांब वाजतात, पट्ट्या घट्ट आहेत. सांधा मात्र थोडा हलतो, उजेड नाही दिसत. त्यांच्या ओळखीच्या परवानाधारक गनस्मिथनं उजवा लॉक बघितला, आत काळं घट्ट झालेलं तेल होतं, साफ केल्यावर घोडा मागे यायला लागला, स्प्रिंग शाबूत आहे. पितळी पट्टी आजोबांच्या काळात बसवलेली असं आईनं सांगितलं, ती राहणारच.

चुलत्यांना मँटनचं सांगितलं, ऐकून घेतलं, पण बर्मिंगहॅमची आहे म्हटल्यावर त्यांनाही बरं वाटलं. उडवणार नाही हे गावात स्पष्ट सांगितलंय. आईच्या आणि दोन्ही बहिणींच्या सह्या झाल्या, अर्ज सोमवारी देतोय.

एकच शेवटचं विचारतो. आमच्याकडे पाटणला पावसाळ्यात भिंती ओल्या राहतात. वडील कातडी खोळीत घालून उभी ठेवायचे, तसंच ठेवू का?

दुनळी_जुनी (सांगली)

खोळीत नको. कातडं आणि कापड दोन्ही ओल धरून ठेवतात आणि गंज आतूनच चढतो, प्रवासापुरतीच खोळ. कुलुपाच्या लोखंडी कपाटात ठेव, भिंतीला टेकवू नको, आत सिलिका जेलच्या पुड्या टाक आणि पावसाळ्यात त्या अधूनमधून वाळव. उभी ठेवायची तर तोंड खाली करून, नळ्यांच्या टोकाखाली फेल्ट ठेवून, म्हणजे जास्तीचं तेल दस्त्यात उतरणार नाही, तंबोरावाले सांगतायत तो काळा मऊ भाग त्यामुळेच होतो. श्रावणात दर आठवड्याला हात लावलेल्या जागा तेलाच्या कापडानं पुसत जा, हाताचा घाम सगळ्यात आधी गंज चढवतो. खंडेनवमीला हळद कुंकू नळ्यांना लावू नका, ओल धरतं, दस्त्याच्या टाचेच्या पट्टीला लावा आणि संध्याकाळी पुसून घ्या.

परवाना आला की ठशांचे नवे फोटो टाक, पट्टीवरचं पुसलेलं नाव तिरक्या उजेडात काही वाचता येतं का ते बघू.